मुकादमाचं कार्ड

माझ्या कार्डावर रिकामा चौकोन कधी राह्यला नाही. तेहतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, त्यातली निम्मी टीबीच्या पेशंटांवर गेली. गोळी द्यायची, पाणी द्यायचं, डोळ्यादेखत गिळायला लावायची, तोंड उघड म्हणायचं, अन् मग कार्डावर बरोबरची खूण. पेशंट आला नाही तर मीच त्याच्या वावरात जाऊन उभी. कापूस वेचत्या बायांना वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसवून गोळ्या दिल्या आहेत मी. मोठे साहेब तपासणीले आले का माझी कार्डं बाकीच्या सिस्टरांना दाखवत. लोक मागून म्हणत, नलू सिस्टर लय कावते, सदा रागातच असते. कावते तर कावते. लोक बरे झाले ना?

तेव्हा मुकादमाचं कार्ड मी बनवलं यात नवल काहीच नाही.

मुकादम म्हणजे आमचा बोका. बळीरामनं त्याले बारा वर्षांमागे खाणीतून डब्याच्या पिशवीत घालून आणला. बळीराम म्हणजे माझे मालक. नाव घेते मी. जन्मभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं रजिस्टरात लिहिली, आपल्याच नवऱ्याचं कायले झाकून ठेवू? ते इथी वणीलेच खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. पिल्लू मोठं झालं तसं सकाळी उठून गल्लीतल्या एकेका उंबरठ्यावर जाऊन उभं राहू लागलं. मिनिटभर पाहे, पुढच्या घरी जाये. फुलसिंग ड्रायव्हर एकदा म्हणाला, हा तर हजेरी घेऊन राह्यला. तेव्हापासून तो मुकादम.

आता खरं सांगायचं तर मले मांजरांचा शौक नाही. पण मशिनींच्या आवाजानं बळीरामचा एक कान पुरा गेला अन् दुसरा अर्धा. लेक राजदीप पुण्याले, लेकबाई दीपमाला नागपूरले. पोरांचा फोन आला का हे ‘हौ, हौ’ म्हणतात अन् फोन माझ्या हातात देतात, कारण पलीकडचं काही समजत नाही. माझ्याशी बोलायचं तर मले ओरडावं लागते, अन् ओरडलं का त्यांना वाटते मी कावली. मग राह्यला कोण? बोका. त्याच्याशी मात्र दिवसभर बोलणं चालू. ऊन किती आहे, नळ कधी येईल, साऱ्या गोष्टी. बोक्याले उत्तर द्यायचं नसते अन् यांना ऐकायचं नसते, दोघांचं मस्त जमते. घरात माणसाचा आवाज ऐकू येते तो बोक्यामुळे, हे मी मनात पक्कं ओळखून होती.

फेब्रुवारीत मुकादम सुकायला लागला. पाण्याच्या बादलीजवळून हलेना, तोंडाले वास, पाठीची हाडं हाताले लागत. दिपाली डॉक्टरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेला. पोरगी गायी-बकऱ्यांतच गुंतलेली असते, पण हुशार आहे. रक्त काढून चंद्रपूरले पाठवलं. क्रिएटिनिन तीन पूर्णांक चार, पाहिजे दोनच्या आत.

“किडनी थकली आहे, काकू,” ती म्हणाली. “पहिल्यासारखी होणार नाही. पण पथ्य पाळलं तर दोन-तीन वर्षं आरामात काढेल. नाही पाळलं तर दिवाळी पाहणार नाही.”

बळीरामना ऐकू आलं नाही. पण तिच्या तोंडाकडे पाहून समजलं. त्यांनी बोक्याले पंच्यात गुंडाळलं अन् रस्त्यानं घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. बोक्याशीही नाही. मी मनात म्हणलं, हा बोका गेला तर या माणसाचं तोंड कायमचं बंद होईल, अन् मी त्या घरात एकटी बडबडत बसीन. तसं होऊ द्यायचं नाही.

पथ्य असं होतं. बीपीची गोळी ब्लेडनं चार तुकडे करून एक तुकडा रोज. हप्त्यातून दोनदा कातडीखाली सलाइन. सुकट, बोंबील, दूध, खारट सारं बंद. कांदा-लसूण तर बोक्याले विषच. किडनीवाल्या मांजरांचं खाणं राजदीप पुण्याहून मागवून देई, त्यात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग अन् मऊ भात, बिना मिठाचा, कालवायचा. अन् दोन्ही वेळच्या खाण्यात एक पांढरी पावडर. रक्तातलं फॉस्फरस वाढू नये म्हणून ती खाण्याबरोबरच पोटात गेली पाहिजे. “घाबरू नका,” दिपाली डॉक्टर म्हणाली, “माणसाच्या पित्ताच्या औषधात असते तेच आहे हे.”

सलाइन मी लावायची. खिडकीच्या गजाले बाटली टांगली, मानेमागची कातडी चिमटीत धरली, सुई आत. मुकादम हूं का चूं करत नसे. बळीराम त्याले मांडीवर धरून त्याच्या कानात हळू काहीतरी सांगत. गोळी मी माझ्या हातानं गिळवायची, तोंड उघडून पाहायची. पण माझ्या हातानं तो खाईना. सुई टोचणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाईल? म्हणून खाणं बळीरामकडे. सकाळी आठले अन् संध्याकाळी पाचले ते वाटी घेऊन मागच्या अंगणात जात अन् रिकामी वाटी आणून मले दाखवत. मी कार्डावर खूण करी. कार्ड कॅलेंडरच्या बाजूले, खिळ्याले लटकवलं होतं.

पहिले तीन दिवस वाटी भरलेलीच वापस आली. मी कावली. बळीरामवर कावली, बोक्यावर कावली. “दवाई आहे ते, लाड नाही,” म्हणलं, “पोटात गेलंच पाहिजे.” चौथ्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ. मी म्हणलं, पाह्यलं? थोडा धाक लागते.

दोन महिने कार्ड असं भरलं का पाहत राहावं. त्यातच आणखी एक गोष्ट झाली. बळीरामना जुना पित्ताचा त्रास. तीस वर्षं झाली, जेवले का आंबट ढेकर, मग सोडा पाण्यात घालून पिणार. तो त्रास मार्चमध्ये एकाएकी थांबला. सोड्याची डबी जागची हलेना. मी बोक्यापायी घरात तिखट कमी केलं होतं, त्याचाच हा गुण, असं मी साऱ्या गल्लीले सांगितलं. एका कार्डात दोन पेशंट बरे, म्हणलं.

एप्रिलात पुन्हा रक्त दिलं. चार पूर्णांक तीन.

दिपाली डॉक्टर कागदाकडे पाहे अन् मग माझ्या कार्डाकडे पाहे. “काकू, पावडर पोटात जाऊन राह्यली ना?”

“एकही वेळ चुकली नाही,” मी म्हणलं. “हे पाहा.”

“इतकं भरलेलं कार्ड तर मी माणसाचंही नाही पाहिलं,” ती म्हणाली. “मग हा बाहेर काहीतरी खाऊन राह्यला. असंच चाललं तर मले यापुढे काही करता येणार नाही.”

बाहेर म्हणजे गल्लीत. माझं डोकं तापलं. मी इकडे ब्लेडनं गोळ्या कापून राह्यली, अन् लोक तिकडे बोक्याले सुकट चारून राह्यले? घरी आली, पोरांच्या जुन्या कंपासपेटीतून खडू काढला. आमची पोलिओची पद्धत होती: घरोघर जायचं, सारी लेकरं डोस घेऊन झाली का दारावर ‘पी’ लिहायचं, कोणी सुटलं असेल तर फुली मारायची, म्हणजे उद्या पुन्हा यायचं. मी तेच केलं. प्रत्येक दारी उभी राह्यली, बोक्याले काय देता म्हणून विचारलं, शब्द घेतला, अन् ‘पी’ लिहिला. फुलसिंग ट्रक धुऊन राह्यला होता. म्हणे, “सिस्टर, पोलिओले आल्या तवाबी आमी दार लावलं नव्हतं, आता बोक्यासाठी कायले लावू? चहाची साय देत होतो कधीमधी. आजपासून बंद.” त्याले ‘पी’ दिला.

हंसाबाईच्या दाराशी मात्र मी थांबली. हंसाबाई माझी जुनी पेशंट. बावीस वर्षांमागे मी खेड्यावर होती तेव्हा तिले टीबी झाला होता, गोळ्या मीच दिल्या. पुढे तिच्या लेकानं इथी घर घेतलं अन् ती माझी शेजारीण झाली. आठवडी बाजारात सुकट विकते ती. दारात टोपली, टोपलीवर गोणपाट, अन् वास अख्ख्या ओसरीत. विचारायची गरजच काय? मी काही न बोलता तिच्या दारावर फुली मारली.

ती आतून आली. फुलीकडे पाह्यलं. मग ओल्या फडक्यानं ती फुली निवांत पुसली.

“सिस्टरबाई,” ती म्हणाली, “तुमच्या बोक्याले मी एक झिंगा चारला नाही. सुकट तुमच्याच घरी जाते. बळीरामभाऊ नेतात, दर आठ दिवसांनी पावशेर. म्हनतात, मले खावीशी वाटते, नलू घरात आनू देत नाही.”

बळीराम सुकट खात नाहीत. लग्नापासून खात नाहीत, वासानं उठून जातात.

“अन् तुम्ही मले सांगितलं नाही?”

“तुमाले कोन सांगनार?” हंसाबाई हसली. वाईट हसणं नव्हतं ते. “मी तं गोळ्याबी लपवत होती.”

“कोणत्या गोळ्या?”

“टीबीच्या. लय नाही, पाच-सात डाव. जिभेखाली दाबून ठेवू. तुमी तोंड पाहत, जिभेखाली नाही पाहत. तुमी धुरा ओलांडला का थुंकून देऊ.”

“काहून?” मी विचारलं.

“पोटात अन्न नसे ना. उपाशीपोटी ते गोळी घेतली का आग पडे, डोळ्यापुढे अंधारी येई. कापसाच्या पराटीत उभं राहवत नसे, अन् मजुरी बुडवता येत नसे.”

“मग सांगायचं होतं.”

“तुमी कधी इचारलंच नाही,” ती म्हणाली. “तुमी म्हनत, तोंड उघड.”

मग तिनंच माझा हात धरून मले ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणे, बरी झाली मी, तुमच्याच पायी झाली, दुसरी सिस्टर तर वावरापर्यंत आलीही नसती. ते खरंच होतं. पण मले तिचं कार्ड डोळ्यापुढे दिसून राह्यलं. सहा महिन्यांचं, सारे चौकोन भरलेले. साहेबांनी वर धरून दाखवलेलं कार्ड होतं ते.

घरी आली तेव्हा पाच वाजून गेले होते. मागचं दार उघडं होतं. बळीराम पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसलेले. मी आली हे त्यांना ऐकू आलं नाही. त्यांच्यापुढे पेपरचा तुकडा, त्यावर मूठभर सुकट, अन् मुकादम डोळे मिटून कुरुकुरु खाऊन राह्यलेला. बळीरामच्या हातात मुकादमाची वाटी होती. अंडं-भात-पावडर, मी कालवलेलं. ते बोटांनी एकेक घास घेऊन मुकाट्यानं खाऊन राह्यले होते. वाया जाऊ नये म्हणून वाटीची कडही पुसून घेतली.

एखादा दुसरा दिवस असता तर मी अशी बरसली असती का फुलसिंगच्या घरापर्यंत आवाज गेला असता. तोंड उघडलंही होतं. पण हंसाबाईचं ‘तुमी म्हनत, तोंड उघड’ कानात तसंच होतं. मी तोंड मिटलं. जाऊन त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूनं पायरीवर बसली.

ते दचकले. वाटी मागे लपवली, साठी उलटलेल्या माणसानं.

“कसं लागते?” मी विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाह्यलं. मी कावली नाही हे समजायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, “मीठ पाहिजे होतं.”

“कधीपासून?”

“चौथ्या दिवसापासून.” वाटी पुन्हा पुढे आणली. “तो खात नव्हता, नलू. तीन दिवस त्यानं तोंड लावलं नाही. नुसता माझ्याकडे पाहे. तू कार्ड घेऊन उभी. भरलेली वाटी आणली का तू कावे, रिकामी आणली का तुझा चेहरा खुले. मी म्हणलं, मरायचंच आहे तर उपाशी कायले मरू द्यायचं.” त्यांचे डोळे भरून आले. “फेकून दिलं असतं, पण राजदीप तिकडून पाठवते. म्हणून मीच खाल्लं. सुकटीचा वास सहन करून त्याले सुकट दिली.”

अन् तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. सोड्याची डबी. माणसाच्या पित्ताच्या औषधात असते तेच. दोन महिने बोक्याची पावडर, बिना तिखटाचा भात अन् अंडं हा माणूस दोन वेळ नेमानं घेऊन राह्यला, मग पित्त थांबणार नाही तर काय होईल? कार्ड खोटं नव्हतंच. फक्त पेशंट दुसरा होता.

मले हसू आलं. पहिले हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. बळीराम घाबरले. मुकादम सुकट सोडून माझ्याकडे पाहू लागला. मी बळीरामच्या कानाशी जाऊन सांगितलं, “आजपासून तो जे करील तेच लिहायचं. नाही खाल्लं तर नाही. थुंकलं तर थुंकलं. मी कावणार नाही.”

“तू?” ते म्हणाले.

“कावली तर तेही कार्डावर लिहा.”

दुसऱ्या दिवशी दिपाली डॉक्टरकडे जाऊन सारं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. बळीरामच्या पोटात ती पावडर गेली म्हणून काही होणार नाही ना, तेही विचारलं. ती पोटभर हसली. मग खुर्ची ओढून जवळ बसली अन् म्हणाली, “आता मले समजलं काय करायचं ते. काकू, तो खात नव्हता हे पहिल्या हप्त्यातच माहीत झालं असतं तर तेव्हाच रस्ता काढला असता.” तिनं सांगितलं का खाणं कोमट करा म्हणजे वास येईल, एकदम बदलू नका, सुकट रोज थोडी-थोडी कमी करा अन् जी द्याल ती चार पाण्यांनी धुऊन, उकडून, पाणी फेकून द्या. भूक लागायची गोळी दिली. दोन वेळचं खाणं पाच वेळा करायला लावलं.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते सांगते. सुकटीचं प्रमाण बळीराम ठरवत, फिटर माणूस, चिमटीनं मोजत. पहिल्या हप्त्यात दहा झिंगे, दुसऱ्यात सहा. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करत, बोट बुडवून पाहत. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, अन् हा माणूस बोक्याचा भात गरम करून राह्यला. पाण्याचे सहा वाडगे घरभर ठेवले, एक माठाखालीच, कारण मुकादमाले ठिबकतं पाणी आवडते. अन् कार्डावर पहिल्यांदा माझ्या हातानं मी लिहिलं: ‘नाही’. पेन अडखळलं. त्याच्या पुढे ‘अर्धी वाटी’. मग ‘चाटलं’. एका चौकोनात बळीरामच्या अक्षरात होतं, ‘नलू कावली’. मी ते खोडलं नाही.

जूनच्या दुसऱ्या हप्त्यात रक्त दिलं. दोन पूर्णांक आठ.

दिपाली डॉक्टरनं कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं. अर्धे चौकोन ‘नाही’चे, बाकीच्यांत गिचमीड. “हे चांगलं कार्ड आहे,” म्हणाली. बळीरामनं माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या, काय म्हणते? मी बोटांनी दोन अन् आठ करून दाखवलं. मग रस्ताभर ते पंच्यातल्या मुकादमाशी बोलत आले. किडनी म्हणजे पंपच आहे असं समज, घासलेला पंप जपून चालवला तर चालते, असं काय काय. मी मागून ऐकत आली. फुलसिंग ट्रकवरून म्हणाला, “मुकादम हजेरीले कधीपासून?” बळीरामना ऐकू आलं नाही, पण हात हलवला.

त्यांचं पित्त मात्र पुन्हा सुरू झालं आहे. आता अंडं-भात वेगळा करते मी त्यांच्यासाठी, मीठ घालून. पावडर मागतात, ती देत नाही.

दोन पूर्णांक आठ आलं त्याच संध्याकाळी हंसाबाई आली. तिच्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडे असतात, ती विसरते म्हणून रोज माझ्याकडून घेऊन जाते. मी डबी उघडली, गोळी काढली, पाण्याचा गिलास भरला. गोळी तिच्या हातावर ठेवणार तोच थांबली.

“जेवल्या का?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाह्यलं. किती वर्षांपासून ती माझ्याकडून गोळ्या घेऊन राह्यली, अन् हा प्रश्न मी तिले आजवर विचारला नव्हता. ‘हौ’ म्हणायला तिचं तोंड उघडलंच होतं, सवयीनं. मग ती मुकादमाकडे पाहत राह्यली. तो उंबरठ्यावर पाय पसरून पडला होता.

“नाही,” ती म्हणाली. “बाजारातून सरळ आली. सकाळपासून चहावरच आहे.”

मी गोळी परत डबीत ठेवली अन् ताट घेतलं. पहिले भाकर वाढली.